थोरली, धाकटी आणि आष्टनकर मॅडम

आष्टनकर मॅडमसमोर "तसंच असेल" असं म्हणायची आमच्या शेडमध्ये कोणाची टाप नव्हती. चुकून कोणी म्हटलंच, तर त्या चष्म्याच्या वरून बघायच्या आणि विचारायच्या, "कावून असेल? पाह्यलं का तुमी?" कावून म्हणजे का, नागपूरकडचं. मग समोरचा माणूस, तो मालक असो की चहावाला, उठून पाहायला जायचा. पाऊस थांबला का, एवढं सांगण्यासाठी मी एकदा दोन खेपा घातल्यात. पहिल्या खेपेला मी खिडकीतूनच बघून सांगितलं होतं आणि ते त्यांना चाललं नाही. वैताग यायचा हो. बाईमाणूस, वयानं मोठी, त्यात हुशार, म्हणून गप्प बसायचं, एवढंच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती आणि आमची कंपनी होती औद्योगिक वसाहतीतल्या दोन पत्र्याच्या शेडमध्ये. मालक वैद्यसाहेब नागपूरचे. चांगली नोकरी सोडून त्यांनी हा उद्योग मांडला होता. लहान लहान रोलिंग मिलना आम्ही डबे बनवून द्यायचो. डबा म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. लाल तापलेली सळई रोलरच्या रांगेवरून सरकते, ती कुठवर आली ते बघायचं, रोलर चालू करायचे, बंद करायचे, ही त्याची कामं. मी तो डबा स्कूटरला बांधून मिलमध्ये न्यायचा, बसवायचा आणि मग मिलवाल्यांच्या शिव्या खायच्या. नाव माझं पराते. हुद्दा मोठा होता, फील्ड इंजिनिअर. फील्ड म्हणजे धूळ.

डब्याच्या आत जो प्रोग्राम चालायचा त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, आष्टनकर मॅडमनी लिहिला होता. कुठलं काम आधी, कुठलं नंतर, कोणी किती वेळ थांबायचं, बटन दाबलं तर सगळ्यांना कोणी उठवायचं, हे सगळं तो गाभा ठरवायचा. बाहेरून विकत आणलेली ऑपरेटिंग सिस्टिम आम्हाला परवडणारी नव्हती, म्हणून बाईंनी घरची केली. भाकरीसारखी. वैद्यसाहेब गिऱ्हाइकांना हे फार कौतुकानं सांगायचे.

बाई दिसायला अगदी साध्या. सेक्टर सहामधून सायकलवर यायच्या, पदर खोचलेला, कॅरिअरला जेवणाचा डबा. यजमान स्टील प्लांटमध्ये क्लार्क, क्वार्टर त्यांच्या नावावर. आष्टनकरभाऊ स्वभावानं मोठे मिश्कील. मला म्हणायचे, "पराते, आमच्या घरी कुलूप लावलं का असं कधी विचारू नका. ही बस स्टॉपवरून परत घेऊन जाते पाह्यला." बाजारात मॅडमबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. भेंडीचं एकेक टोक मोडून पाहायच्या. भाजीवाली शेवटी टोपली ओढून घ्यायची, "जम्मो ला टोर डारबे का बाई?" म्हणजे सगळीच मोडून टाकता का, म्हणून ओरडायची. मॅडम शांतपणे म्हणायच्या, "जून निघाली तर घरी मले ऐकावं लागते, तुले नाही." आणि पुढची भेंडी मोडायच्या.

आता कंपायलरचं सांगतो, त्याच्याशिवाय बाई कळणार नाहीत. माणूस प्रोग्राम लिहितो ती भाषा यंत्राला कळत नाही. तिचं यंत्राच्या भाषेत करून देणारा जो प्रोग्राम, तो कंपायलर. आमच्याकडे दोन होते. एक जुना, जुन्या डब्यांसाठी. दुसरा नवा. तो घ्यावा लागला कारण नव्या डब्यात मेमरी कमी होती, बाजारात तेवढीच मिळत होती, आणि जुन्या कंपायलरनं केलेलं तिच्यात मावत नव्हतं. नवा कंपायलर सगळं आटोपशीर करायचा. गिऱ्हाइकं दोन्हीकडची, त्यामुळे एकच गाभा दोघांनाही समजला पाहिजे, ही मॅडमची डोकेदुखी. त्यांनी दोघांना नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. जावा जशा.

"थोरली बिचारी सांगतलं तेवढं करते," त्या म्हणायच्या. "मंद आहे, पण मनातलं काही घालत नाही. धाकटी हुशार. तिले वाटते, आपल्याले सासूपेक्षा जास्त समजते."

आणि खरंच तसं होतं. थोरली सामान दाटीवाटीनं एकाला एक लावून ठेवायची, धाकटी मधे मोकळी जागा सोडायची. पहिल्यांदा धाकटीकडून गाभा करून घेतला तेव्हा टेबलावरच्या डब्यानं भट्टीचं तापमान असं काही दाखवलं की भिलाई सोडा, नागपूरसुद्धा वितळलं असतं. आम्ही घाबरलो. मॅडम मात्र खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "पाह्यलं? भांडे हिनं वेगळे लावले, आन् आपण जुन्याच फळीवर हात घालून राहिलो."

अशा जेवढ्या कुरबुरी निघाल्या तेवढ्या त्यांनी एकाच फाइलमध्ये आणून बसवल्या. त्या फाइलचं नाव पंचायत. कायदा असा की थोरलीचं नाव, धाकटीचं नाव, त्यांचे हट्ट, जे काय असेल ते पंचायतीत. गाभ्यात बाकी कुठंही यांचा उल्लेख नको. एका नव्या इंजिनिअरनं घाईत गाभ्याच्या मधोमध "धाकटी असेल तर असं कर" अशा दोन ओळी घातल्या होत्या. मॅडमनी त्याला बोलावलं. "बाळा, जावांचं भांडण माजघरात ठेवावं. तू तर दिवाणखान्यात घेऊन आला. उद्या तिसरी आली तर मी कुठं कुठं शोधू?" पोराचे कान लाल झाले. ओळी निघाल्या.

पण मॅडमचं खरं खूळ वेगळंच होतं, वाचन. दोन्ही कंपायलर आपण काय केलं ते ओळीओळीनं छापून द्यायचे. लांबच लांब घडीचा कागद. दुसरीकडे कुठं हे ढीग रद्दीत जात असतील. आमच्याकडे गाभ्यात काही बदल झाला की दोन माणसं टेबलाच्या दोन बाजूंना बसायची. एकानं थोरलीचा कागद मोठ्यानं वाचायचा, एकेक ओळ, आणि दुसऱ्यानं धाकटीच्या कागदावर बोट ठेवून जुळवायचं. वेगळं दिसलं की थांबायचं. कावून वेगळं, ते कळल्याशिवाय पुढं जायचं नाही. वाचायला बहुतेक मी, कारण माझा आवाज खणखणीत आणि फील्डवर नसलो की मला दुसरं काम नसे. बोट मॅडमचं. शेडमधले लोक याला पारायण म्हणायचे. एकदा वैद्यसाहेबांनी थट्टेनं टेबलावर नारळ आणून ठेवला. मॅडमनी तो घेतला, बाहेर जाऊन पायरीवर फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि म्हणाल्या, "चला पराते, पहिल्या पानापासून." साहेबांची थट्टा तिथंच विरली.

या पारायणात एक शब्द बंद होता, "तसंच". पानंच्या पानं दोन्हीकडे सारखी असायची, डोळे मिटायला लागायचे, आणि माणसाच्या तोंडात आपोआप यायचं, हे तसंच आहे, पुढं घ्या. असं कोणी म्हटलं की पान पुन्हा वरून. मी कितीदा तरी ही शिक्षा भोगली. मनातल्या मनात बाईंना काय काय म्हटलं ते लिहिण्याजोगं नाही.

तर एका मिलसाठी नवा डबा जायचा होता. मिल रायपूरच्या रस्त्यावर, नाव सांगत नाही. त्यांचा माणूस गाडी घेऊन दाराशी उभा. वैद्यसाहेब सारखे आत येत होते, बाहेर जात होते. मॅडमच्या अंगात ताप होता, डोळे तांबारले होते, शाल पांघरून बसल्या होत्या. मी म्हटलं, उद्या करू. त्या म्हणाल्या, "वाचा." मी वाचत गेलो, त्यांचं बोट चालत गेलं. शेवटच्या काही पानांवर बोट जरा थांबलं, मग त्यांनी हात हलवला.

"तसंच आहे. पुढं घ्या."

मी मान वर करून पाहिलं. त्यांना स्वतःला कळलंही नव्हतं आपण काय म्हटलं ते. धाकटीचा कागद त्यांच्यापुढे होता, मला दिसत नव्हता. मी पुढं वाचलं, पारायण संपलं, डबा गाडीत चढला.

साधारण महिन्यानं त्या मिलमध्ये अपघात झाला. मॅडम तेव्हा भाचीच्या लग्नासाठी लांब रजा घेऊन नागपूरला गेल्या होत्या. रोलरवरून जाणारी सळई मधेच अडकली. मागून रोलर ढकलतच राहिले, ती वाकली, कमान होऊन उसळली आणि बाजूला उभ्या असलेल्या फिरंता नावाच्या कामगाराच्या पायावर पडली. गुडघ्याखाली पाय भाजून निघाला. जीव वाचला, पण तो पाय पुन्हा धड होणार नव्हता. बटनावर बिसाहू होता. दोघंही जवळच्या उतई गावचे, एकाच गल्लीतले, एकाच सायकलवर डबलसीट कामाला येणारे. बिसाहू सांगत होता, मी थांबायचं बटन दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं, रोलर थांबेनात, म्हणून धावत जाऊन भिंतीवरचा मोठा खटका पाडला. मॅनेजर म्हणाला, बटन दाबलं होतंस तर जागा सोडून पळालास कशाला? डुलकी लागली होती तुला.

डबा तपासायला आमच्याकडे आला. मीच तपासला. बटन दाबलं की मोटर बंद, दाबलं की बंद. दिवसभर दाबत बसलो, एकदाही चुकलं नाही. वैद्यसाहेबांनी मिलला कळवलं, डबा ठणठणीत आहे. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं, जे दिसलं ते सांगितलं. बिसाहूला मिलनं काढून टाकलं.

मॅडम परत आल्या त्या दुपारी जेवता जेवता मी हे सगळं सांगितलं. त्यांनी घास हातात धरला तो तसाच राहिला.

"सळई शेवटपर्यंत पोचलीच नाही?"

"नाही. मधेच अडकली."

"आन् तुमी तपासलं तेव्हा? सळई होती?"

"टेबलावर सळई कुठून आणू मॅडम?"

त्या उठल्या. हात धुतले. डबा टेबलावर घेतला, मोटर जोडली, आणि सळई शेवटी पोचली हे ओळखणारा जो डोळा असतो त्याच्यावर काळी पट्टी चिकटवली. म्हणजे डब्याच्या लेखी सळई निघाली आहे आणि अजून पोचलेली नाही. मोटर फिरू लागली. मॅडमनी थांबायचं बटन दाबलं. मोटर फिरतच राहिली. पुन्हा दाबलं. अंगठा तसाच दाबून धरला. मोटर फिरत होती, छान, एका सुरात. शेवटी मीच वायर ओढली.

झालं होतं ते असं. बटन दाबलं की गाभ्याचा एक भाग मेमरीत एका जागी खूण करून ठेवायचा. दुसरा भाग, सळईची वाट बघणारा, तो वाट बघता बघता दर फेरीला त्या जागी पाहायचा, खूण आहे का, आहे का. मॅडमनी तसंच लिहिलं होतं. थोरलीनं तसंच केलं. धाकटीनं विचार केला, या फेऱ्यांमध्ये तर ही जागा कोणीच बदलत नाही, मग दर वेळी काय पाहायचं? फेऱ्या सुरू होण्याआधी एकदा पाहून ठेवू. सळई सरळ गेली तर फेऱ्या डोळा लवायच्या आत संपतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. सळई अडकली तर फेऱ्या संपतच नाहीत, आणि आत कोणी पुन्हा पाहत नाही. ज्या वेळी बटनाची गरज, नेमकं त्याच वेळी बटन मुकं.

धाकटीला बजावून सांगायचा एक शब्द होता, हे बाहेरून बदलतं, दर वेळी पाहा, अशा अर्थाचा. थोरलीला तो शब्द कळतच नसे, म्हणून पंचायतीत सोय केली होती, धाकटीसाठी तो शब्द, थोरलीसाठी कोरी जागा. बाहेरून येणाऱ्या एकेका तारेला मॅडमनी तो लावला होता. ही जागा मेमरीतली, घरातलीच. तिला लावायचा राहिला. पारायणात ते सापडायला हवं होतं. तीच ओळ, अक्षरन् अक्षर तीच, थोरलीकडे फेरीच्या आत होती आणि धाकटीकडे एक ओळ वर.

मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या अंगात ताप होता त्या दिवशी."

"ताप मले होता, पराते. त्याले कामावरून कावून काढलं?"

वैद्यसाहेबांच्या खोलीत दोघं बोलत होते. पत्र्याची भिंत, सगळं ऐकू येत होतं. साहेब ओरडले नाहीत. उलट विनवत होते. "निर्मलाताई, दुरुस्त करा. आजच करा. परातेला उद्यापासून सगळ्या मिलमध्ये पाठवतो, डब्यांतल्या प्रोग्रामच्या सगळ्या चिपा बदलू. माझी काही ना नाही. पण बोलून दाखवायची काय गरज आहे? एकदा तोंडातून निघालं की आपला एक डबा कोणी ठेवणार नाही. या शेडवर किती घरं चालून राहिली, तुम्हाला माहीत नाही का?"

"माहीत आहे. माहं बी चालते."

"मग?"

"साहेब, तो माणूस खरं बोलून राहिला. आन् खरं बोलून राहिला हे साऱ्या दुनियेत फक्त आपल्याले माहीत आहे."

माझ्या घरी तेव्हा दोन लेकरं आणि आजारी वडील होते. खोटं कशाला सांगू, भिंतीच्या अलीकडे उभा राहून मी साहेबांच्याच बाजूनं होतो. मनात म्हणत होतो, बाई, पुरे करा आता.

दुसऱ्या दिवशी तो डबा आणि दुरुस्त केलेली चिप घेऊन आम्ही दोघं त्या मिलमध्ये गेलो. मला वाटलं, चिप बदलतील, मॅनेजरच्या कानात काय ते सांगतील आणि निघतील. कुठलं काय! बाईंनी डबा आधी जुन्या चिपसकटच पुन्हा बसवायला लावला. थंड सळई रोलरवर आडवी अडकवायला सांगितली. कामगार जमले. मग मॅनेजरला म्हणाल्या, "आप दबाइए." त्यानं बटन दाबलं. रोलर खडखडत फिरत राहिले. त्यानं पुन्हा दाबलं, मग तळव्यानं ठोकलं, मग घाबरून मागे बघितलं. एका म्हाताऱ्या कामगारानं धावत जाऊन भिंतीवरचा खटका पाडला. बिसाहूनं पाडला होता तोच. सगळ्यांना कळलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "गलती मेरी थी. बिसाहू को वापस लीजिए."

मॅनेजर घाम पुसत म्हणाला, "डिब्बा बदल दीजिए मैडम. बाकी हम देख लेंगे. उसकी जगह तो दूसरा आदमी आ गया. और उसने तो खुद कबूल कर लिया है कि उसने बटन नहीं दबाया था."

"क्या कबूल किया?" मॅडमचा आवाज चिरकला. मी त्यांना एवढं हललेलं कधी पाहिलं नव्हतं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. त्या मिलनं आमचे डबे परत केले. बातमी पसरायला वेळ लागला नाही. मी गावोगाव जाऊन चिपा बदलल्या आणि जाईन तिथं लोकांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. दोनाची एक शेड झाली. वैद्यसाहेब मॅडमना कधी वावगा शब्द बोलले नाहीत, त्यांनी फक्त बोलणंच बंद केलं, आणि ते बाईंना जास्त लागलं असावं. मॅडमनी स्वतःहून काम सोडलं. आष्टनकरभाऊ रिटायर झाल्यावर दोघं नागपूरला गेले. मीही दुसरीकडे लागलो. पण मला मॅडम आठवतात त्या ना शेडमधल्या, ना सायकलवरच्या. मिलमधून निघाल्यावर त्या म्हणाल्या, "उतईले चला," त्या दिवशीच्या आठवतात.

बिसाहू अंगणाच्या भिंतीला माती लिंपत होता. कोपरापर्यंत हात चिखलाचे. आम्हाला पाहून तो उभा राहिला, पण हात धुवायला गेला नाही. मॅडमनी कोण, कुठल्या, ते सांगितलं आणि सरळ विचारलं, "तुमने बटन दबाया था ना? फिर नहीं दबाया ऐसा क्यों बोला?"

तो मातीकडे बघत म्हणाला, फिरंताच्या आईनं मला दाराच्या आत येऊ देणं बंद केलं होतं. गावात चार माणसं बसली. सगळे म्हणाले, मशीन चांगली निघाली, कंपनीनं लिहून दिलं, मग चूक तुझीच, माफी माग आणि मिटव. मी माफी मागितली. मग म्हणाला, "अब तो महूँ ला लागथे मैडम, के मैं नइ दबाय रेहेंव."

म्हणजे आता त्यालाही वाटत होतं, आपण दाबलंच नव्हतं. नोकरी गेली तर दुसरी मिळते, हो. पण स्वतःच्या अंगठ्यावरचा विश्वास उडालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मॅडम तिथंच मातीच्या ढिगाजवळ उकिडव्या बसल्या. मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला सांगू लागल्या. चुलीवर दूध ठेवलंय, मी सुनेला सांगून गेले की पाहत राहा. तिनं एकदा डोकावून पाहिलं, दूध शांत होतं. ती जाऊन बसली. म्हणाली, पाहिलं की! दूध उतू गेलं. आता सांग, यात दुधाची काय चूक, विस्तवाची काय चूक? तू बटन दाबून हाक मारत होतास. आत कोणी पाहतच नव्हतं. आणि सुनेला नीट बजावून सांगायचं काम माझं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

बिसाहूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सच?"

"मैंने खुद दबाके देखा. नहीं रुका."

तो खाली बसला. दोन्ही चिखलाचे हात गुडघ्यांवर पालथे ठेवून नुसता बसून राहिला. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "चलो. फिरंता के घर."

मी म्हटलं, "मॅडम, तिथं नका जाऊ. यांना सांगितलं ना, हे सांगतील." त्या तोवर चालू लागल्या होत्या.

फिरंताचं घर गल्लीच्या टोकाला. दारात त्याची आई बसलेली. आत अंधारात खाटेवर कोणी तरी कण्हल्यासारखं करत होतं, तेलामलमाचा वास बाहेर येत होता. बिसाहू अंगणाच्या कडेलाच थबकला, त्याच्या पायांना सवय झाली होती तिथं थांबायची. मी स्कूटर धरून रस्त्यावर. मॅडम एकट्या पुढं गेल्या, म्हातारीसमोर उभ्या राहिल्या आणि सांगितलं. यानं बटन दाबलं होतं. मशीन थांबली नाही. मशीनचं ते काम मी केलं होतं.

म्हातारीला आधी कळलं नाही. मग तिनं विचारलं, "तैं बनाय हस ओ मसीन ला?"

"हां, माय. मैंने बनाया."

म्हातारी उठली. मला वाटलं आता शिव्या देईल, पदर ओढेल, काही तरी फेकून मारेल. देवाशपथ, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती मॅडमच्या बाजूनं, त्यांना स्पर्श होणार नाही अशी, पुढं आली आणि अंगणाच्या कडेला गेली. बिसाहूचा चिखलानं भरलेला हात तिनं मनगटाशी धरला.

"भीतर आ बेटा," ती म्हणाली.

तो तिच्यामागून गेला. उंबऱ्याशी क्षणभर अडखळला, मग वाकून आत शिरला. आतून फिरंताचा आवाज आला, बिसाहूचं नाव घेऊन काही तरी विचारणारा, आणि त्याच्यावर बिसाहूचं रडणं. म्हातारीनं मागे वळून मॅडमकडे एकदा पाहिलं आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचं मला रस्त्यावर ऐकू आलं.

मॅडम बंद दारासमोर उन्हात उभ्या होत्या. मी हाक मारली, तरी त्या हलल्या नाहीत.